देवाजीचा लसूण

देवाजी रामटेकेच्या घरी लसूण दोन तऱ्हेनं बांधला जायचा. खायचा लसूण सुतळीनं आणि बियाण्याचा लसूण पळसाच्या सालीनं. सुतळीच्या जुड्या पडवीत टांगलेल्या असायच्या, लागेल तशा खाली यायच्या. पळसाच्या सालीची जुडी मात्र स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर, छताच्या आडव्या मयालीला, म्हणजे लाकडी तुळईला. तिथं धूर लागून कीड धरत नाही, हे एक कारण. आल्यागेल्याचा हात पोचत नाही, हे दुसरं. हे दुसरं कारण देवाजी कोणाला सांगत नसे, पण बिरसी गावात त्याला ओळखणाऱ्यांना ते सांगायची गरजही नव्हती.

माणूस तसा मोकळा. कोणाच्या घरी लग्न असो की मयत, देवाजी सगळ्यांच्या आधी हजर. घरामागच्या वाडीतला भाजीपाला शेजारीपाजारी वाटताना त्यानं कधी हात आखडला नाही. पण लसणाचं बी म्हटलं की या माणसाचं रूपच पालटायचं. अंजनाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या सख्ख्या बहिणीनं एकदा मूठभर बी मागितलं, तर यानं लसणाची चटणी वाटून डबा भरून दिला. बी दिलं नाही. बहीण बिचारी चटणी घेऊन गेली आणि अंजनानं पुढं कितीतरी दिवस नवऱ्याशी अबोला धरला. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, "दुसऱ्याच्या हाती गेलं का बिघडते. लोकं मोठा मोठा खातेत अन् बारका बारका लावतेत."

लसूण होताही तसाच. कुडी बारीक, सालीवर जांभळ्या रेघा आणि ठेचला की शेजारच्या घरी कळावं असा वास. देवाजीच्या आईनं तो आपल्या माहेराहून आणला होता. त्या माहेरात आता कोणी उरलं नव्हतं, घरही नाही आणि वाडीही नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी लसूण उपटून वाळवला की देवाजी अंगणात पोतं अंथरून बसायचा आणि एकेक गड्डा हातात घेऊन बघायचा. दाबायचा, फिरवायचा, नाकाशी न्यायचा. मग काही गड्डे एका बाजूला, काही दुसऱ्या. अंजना वाफे करायची, कुड्या लावायची, निंदण करायची, पाणी द्यायची, पण निवडायला त्यानं तिला कधी बसू दिलं नाही. तिनंही कधी हट्ट धरला नाही. नवरा आहे, निवडतो आहे, पुढच्या साली पुन्हा निवडेल, असं धरून चालण्यात तिला काही वावगं वाटलं नाही. कोणाला वाटतं?

अंजना सालेकस्याकडची. तिच्या माहेरी उन्हाळा तेंदूपत्ता आणि मोहफुलं वेचण्यात जायचा. घरामागे वाडी होती ती नावापुरती. लग्न होऊन बिरसीला आली तेव्हा वांग्याचं रोप कोणतं आणि मिरचीचं कोणतं, हेही तिला कळत नव्हतं. सासू तोंडावर हसायची. देवाजी हसू दाबून शिकवायचा. हलका, म्हणजे लवकर येणारा धान निघाला की वाडीची माती मोकळी करायची. आधी मुळा, मेथी, पालक आणि सांभार टाकायचा. मग वांगी-टमाटरची रोपं आणि पहाटे अंगावर काटा येऊ लागला की लसूण. शिकता शिकता ती अशी तरबेज झाली की आठवडी बाजारात तिच्या पाटीपुढं बाया थांबून राहायच्या. डोक्यावरून बिरसीच्या विमानतळावर पायलट व्हायला शिकणाऱ्या पोरांची विमानं घिरट्या घालत असायची, आणि खाली ही दोघं ओल्या वाफ्यांत उकिडवी बसून कोण किती भरभर लावतो याची पैज लावायची. त्या वाडीच्या जोरावर त्यांनी अश्विनला, आपल्या एकुलत्या एक पोराला शिकवलं. तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये कामाला लागला, आणि यंदाच्या उन्हाळ्यात त्याचं लग्नही झालं. सून मोनाली गोंदिया शहरातली. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलणारी आणि सासूला मम्मी म्हणणारी. पहिल्या दिवशी तिनं सांभाराला कोथिंबीर म्हटलं आणि देवाजी दिवसभर तिला चिडवत राहिला. पोरगी चिडली नाही. सासरा आणि सून यांचं लवकर जमलं.

अशोक विजयादशमीच्या आधीच्या आठवड्यात देवाजी गेला. सकाळी वाडीत मुळ्याचे वाफे करत होता. छातीत कळ आली म्हणून फावडं टेकवून बसला, आणि गोंदियाला नेईस्तोवर संपलाही.

अंजना रडली नाही. बायांनी तिला रडवायचा प्रयत्न केला, तिच्या गळ्यात पडून स्वतः रडल्या, देवाजीची एकेक आठवण काढली, पण हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. भिंतीला टेकून ती बसली ती बसलीच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळं गाव जेवायला आलं. भंतेजी आले, वंदना झाली, अंगणात मोठमोठ्या गंजात भात, वरण आणि आलू-वांग्याची भाजी शिजली. बाया कांदे-लसूण सोलायला बसल्या. शेजारच्या प्रेमिलानं पदर खोचून सगळा कारभार सांभाळला. अंजना देवाजीच्या फोटोजवळ बसून होती. कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं, यातलं तिला नंतर काहीच सांगता आलं नसतं. पुढचे दिवसही तसेच गेले. प्रेमिला तिकडं डोंगरगडला लेकीच्या बाळंतपणाला निघून गेली. अश्विननं मजूर लावून धान कापला. मोनाली ताट वाढून समोर ठेवायची आणि भरल्या ताटाला पाणी सुटलं की मुकाट्यानं उचलून न्यायची. दिवाळी कधी आली आणि कधी गेली, त्या घराला कळलं नाही.

एका सकाळी अश्विन दारात उभा राहून म्हणाला, "आई, यंदा वाडी तशीच राहू दे. मले मिलातून सुट्टी नाही भेटत. पुढच्या साली पाहू."

अंजनानं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिनं पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं असेल.

"बाकीचं राहू दे," ती म्हणाली. "लसून तं लावाच लागते."

असं म्हणून ती भिंतीला धरून उठली. उठताना तिला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे देवाजीनं उन्हाळ्यात स्वतःच्या हातानं निवडलेली जुडी. तो माणूस गेला, पण त्यानं निवडलेलं तेवढं अजून घरात होतं. ते मातीत घातलं तर उगवणार होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा हातात येणार होतं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं वर पाहिलं.

मयालीला काळ्या पडलेल्या खिळ्याशिवाय काही नव्हतं.

आधी तिला वाटलं उंदरांचं काम. मग वाटलं, अश्विननं कुठं सरकवून ठेवली असेल. तिनं डबे पाहिले, कोठीमागं पाहिलं, पडवीतल्या टोपल्या उलट्या केल्या. शेवटी मोनाली पुढं आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मम्मी, तो लसूण… जेवणाच्या दिवशी मीच काढला. बायांना कमी पडला होता."

"काढला? मंग हाय कुठं?"

"भाजीत गेला, मम्मी. सगळा."

अंजनाला क्षणभर काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या तोंडातून जे बाहेर पडलं ते तिनं आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. "बियानं शिजवलं? माह्या घरातलं बियानं शिजवून लोकाइले खाऊ घातलं? कायले आलीस व तू या घरात? शहरातली पोट्टी, तुले बी कायचं अन् खानं कायचं, हे बी नाही समजत? त्याचं एवढंच तं उरलं होतं!"

मोनालीनं खाली मान घातली. अश्विन मध्ये पडायला गेला, "आई, तिले काय मालूम होतं, नवी आहे ती," तर अंजना त्याच्यावरही उसळली. मोनालीनं नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं.

त्या दुपारी अंजना घराबाहेर पडली. गेल्या वर्षीचा लसणाचा वाफा तिनं कुदळीनं खणून काढला. उपटताना एखादी कुडी मातीत राहून जाते, पावसानंतर ती उगवते, हे तिला ठाऊक होतं. पण यंदा वाडीत पाणी साचलं होतं. हाताला काळा, सडका चिखल लागला, बाकी काही नाही. मग ती उकिरड्यावर गेली. जेवणावळीच्या पत्रावळींखाली, राखेखाली तिला लसणाची सालं सापडली, जांभळ्या रेघांची, मूठच्या मूठ. ती चाळत ती बराच वेळ बसली. सालं फार निगुतीनं सोललेली होती. एकही कुडी कोणी वाया घालवली नव्हती.

दुसऱ्या कोणाकडे मागावं, तर ते बी दुसऱ्या कोणाकडे नव्हतंच. देवाजीनं जन्मभर ते कोणाच्या हाती लागू दिलं नव्हतं, आणि आता त्याच्या बायकोला साऱ्या मुलखात ते कुठं मिळणार नव्हतं. तिला बहीण आठवली, चटणीचा डबा आठवला. मेलेल्या नवऱ्याचा तिला अतोनात राग आला, आणि तो राग कुठं ठेवावा हे न कळून तिनं तोही सुनेवर नेऊन टाकला. तेवढं सोपं होतं.

त्या संध्याकाळी तिनं ताट ओढून घेतलं, कोणाकडे न बघता भात मागून घेतला आणि पोटभर जेवली. दुसऱ्या दिवसापासून ती वाडीत दिसू लागली. माती मोकळी केली, मेथी टाकली, पालक टाकला, सांभार टाकला, बाजारातून वांग्याची रोपं आणून लावली. रागानं काम होतं तेव्हा फार होतं. लसणाचे वाफेही तिनं करून ठेवले, आणि ते तसेच रिकामे ठेवले, रोज येता-जाता सुनेला दिसावेत म्हणून. बोरिंगवर पाणी भरायला येणाऱ्या बायांना ती सांगायची, "माह्या सुनेनं माह्या घरचं बियानं खाल्लं." आता धानाच्या मुलखात बियाणं खाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पेरायचं राखून माणसं उपाशी झोपली आहेत इथं. बाया हळहळल्या आणि हळहळ घरोघरी घेऊन गेल्या. लवकरच मोनाली हंडा घेऊन बोरिंगवर आली की बोलणी थांबू लागली. एका म्हातारीनं तर तोंडावरच विचारलं, "काय व, यंदा धानाचं बी शिजवशीन का?" मोनाली हंडा भरून निघून आली. सासूजवळ तिनं गाऱ्हाणं केलं नाही आणि नवऱ्याजवळही नाही. ती सासूच्या मागोमाग वाडीत यायची, न सांगता पाणी द्यायची, आणि अंजना तिनं पाणी दिलेल्या वाफ्याला पुन्हा पाणी द्यायची.

असे दिवस चालले असताना प्रेमिला डोंगरगडाहून परत आली. नातू झाल्याचे पेढे घेऊन ती बोरिंगवरच बायांमध्ये अंजनाला भेटली. पेढा हातात घेण्याआधीच अंजनानं सुनेची कहाणी सुरू केली. आता ती कहाणी तिला तोंडपाठ झाली होती. प्रेमिला ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"अंजना," ती म्हणाली, "असं काऊन बोलून राहिलीस व? लसून तं तूच काढाले लावला."

"मी?"

"मंग? सोललेला लसून सरला होता. मी अन् तुही सून, आमी दोघी आतमंदी आलो. मी इचारलं, बाई, अजून लसून कुठं हाय? तू म्हटलंस, चुलीवर हाय, घेऊन घ्या. ते पोट्टी स्टुलावर चढली, जुडी खाली घेतली, तुह्या पुढं आणून धरली. मम्मी, हाच ना, असं इचारलं बी तिनं. तू मान हलवलीस. मी तिथंच तं उभी होती."

अंजना म्हणणार होती की हे खोटं आहे. तोंड उघडलंही तिनं. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं. देवाजीचा फोटो, फोटोपुढच्या मेणबत्त्या आणि मध्येच कोणीतरी समोर धरलेली धुरकटलेली जुडी, तिच्यावरची पळसाची साल. समोर मोनालीचा चेहरा, काहीतरी विचारणारा. आणि आपली मान, हललेली. तेव्हा तिला इतकंच हवं होतं, की या सगळ्यांनी समोरून बाजूला व्हावं.

हंडा भरून वाहत होता, कोणी तो बाजूला घेतला नाही. प्रेमिला वरमून म्हणाली, "मले वाटलं तुले मालूम हाय. तू पुण्याचं समजून देलंस असंन, असं वाटलं मले."

अंजनानं पेढा प्रेमिलाच्या हातात परत ठेवला आणि ती घराकडे निघाली. वाट रोजचीच होती, पण तिला ती सरता सरेना. आपण या पोरीला काय काय बोललो, हे तिला एकामागून एक आठवत होतं.

मोनाली वाडीत वांग्याच्या रोपांना पाणी देत होती. सासूला येताना पाहून ती झारी ठेवून उभी राहिली. रोजच्यासारखं काहीतरी ऐकावं लागणार, अशी तिची तयारी दिसत होती. ती तयारी पाहून अंजनाला फार लाज वाटली.

"प्रेमिला आली," अंजना म्हणाली.

मोनालीला कळलं.

"मीनंच सांगतलं होतं. तू इचारलंस बी होतं मले. मंग काऊन नाही बोललीस व? साऱ्या गावानं तुले नावं ठेवली. मी ठेवाले लावली. एक डाव तरी म्हनाचं होतं, का मम्मी, तुमीच सांगतलं."

मोनालीनं ओढणीनं हात पुसले.

"बोलणार होते मी, मम्मी. त्या दिवशीच बोलणार होते. पण त्या संध्याकाळी तुम्ही भात मागितला. पप्पा गेल्यापासून पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी उठून वाडीत गेल्या. मला वाटलं, माझ्यावर गुस्सा आहे म्हणून तुम्ही उठून राहिल्या, जेवून राहिल्या. तो गुस्सा तुमच्यावरच उलटला असता, तर तुम्ही पुन्हा भिंतीजवळ जाऊन बसल्या असत्या. मग राहू दिलं."

अंजना मटकन रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसली. आणि मग ती रडली. देवाजीच्या नावानं हंबरडा फोडून रडली, त्याला शिव्या देत रडली, बहिणीला मूठभर बी दिलं असतं तर तुझं काय गेलं असतं रे, म्हणून रडली. शेजारच्या घरातली माणसं धावत बाहेर आली. मोनालीनं हातानंच त्यांना थांबवलं आणि सासूला छातीशी धरून बसून राहिली.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली. बाया उठायला लागल्या तशी अंजना उभी राहिली. चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. "माह्या घरचं बियानं मीनं शिजवाले लावलं," ती म्हणाली. "माह्या सुनेनं नाही. तिनं मले इचारून घेतलं होतं, मीच भुलली. अन् भुलल्यावर तिच्यावर आळ घेतला. ज्याले कोनाले बोलाचं असंन, त्यानं मले बोलावं." यंदा धानाचं बी शिजवशीन का, असं विचारणारी म्हातारी पुढंच बसली होती. तिनं खाली पाहिलं.

त्यानंतरच्या बाजारातून अंजनानं लसूण आणला. सगळीकडे मिळतो तो, पांढरा, टपोरा, ज्याला देवाजी नाक मुरडून फुगा म्हणायचा. लावायचे दिवस सरत आले होते, थंडी चांगलीच धरली होती. दोघी वाडीत बसल्या. गड्डे फोडताना अंजनाचा हात थांबला. यातला कोणता घ्यावा आणि कोणता टाकावा, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. तो दाबून काय बघायचा, नाकाशी नेऊन काय शोधायचा, हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी मोठ्या कुड्या तिनं एका बाजूला केल्या, बारक्या दुसऱ्या, आणि मोठ्या मोनालीच्या ओढणीत टाकल्या.

मोनालीनं एक कुडी बोटांत धरली. उलटी की सुलटी, ते बघत ती म्हणाली, "मम्मी, पप्पांच्या लसणासारखा होईल का हा?"

"नाही होत," अंजना म्हणाली. "तो गेला. बूड खाली ठेव, अन् लाव."